बाळासाठी बाउन्सर, हाय चेअर घेताना...

प्रतिनिधी

घरात बाळ येणार म्हटले, की पाळणा, दुपटी, झबली आणि टोपडी यांची जमवाजमव पूर्वापार होत आली आहे. शहरी घरांत या यादीत आता बाउन्सर आणि हाय चेअर या दोन वस्तूंची भर पडली आहे. विभक्त कुटुंबात बाळाला घटकाभर घ्यायला आजी किंवा शेजारच्या काकू हाताशी असतीलच, असे नाही. आईला भाजी फोडणीला टाकायची असते, बाबांना ऑफिसचा फोन घ्यायचा असतो. अशा वेळी बाळाला काही मिनिटे डोळ्यांसमोर बसवून ठेवणारे आसन उपयोगी पडते, यात शंका नाही. बारशाला किंवा उष्टावणाला अशी आसने भेट म्हणूनही दिली जातात.

मात्र या आसनांमुळे होणारे अपघात बहुधा ठरावीक पद्धतीने घडतात आणि त्यांपैकी बहुतेक टाळता येण्याजोगे असतात. बाउन्सरमधला सर्वांत मोठा धोका झोपेचा असतो, तर हाय चेअरमधला पडण्याचा. हे दोन मुद्दे नीट लक्षात घेतले, तर कोणते आसन घ्यावे, ते कुठे ठेवावे आणि कधी बंद करावे, याचा निर्णय घेणे सोपे जाते.

दोन आसने, दोन वये

बाउन्सर म्हणजे धातूच्या चौकटीवर ताणून बसवलेले कापडी, उतरते आसन. बाळाने हातपाय हलवले की ते हलके वर-खाली होते. त्याच्या बुडाला गोलाकार दांडे असले तर दुकानदार त्याला रॉकर म्हणतात. काहींत बॅटरीवर चालणारी थरथर आणि संगीताची सोय असते, तर काहींत समोर खेळणी लटकवण्याचा दांडा असतो. या सुविधांचा सुरक्षिततेशी फारसा संबंध नाही.

बाउन्सरचा उपयोग बाळ आधाराशिवाय बसू लागेपर्यंत, म्हणजे साधारणपणे पहिल्या सहा महिन्यांपुरता असतो. अनेक बाउन्सरची वजनमर्यादा नऊ किलोच्या आसपास असते. पण वजनकाट्यापेक्षा बाळाच्या हालचालीकडे लक्ष द्यावे. बाळ मान व खांदे उचलून उठून बसण्याची धडपड करू लागले किंवा आसनातच कुशीवर वळू लागले, की वजन कमी असले तरी बाउन्सर बंद करावा. बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल किंवा त्याला श्वसनाचा, स्नायूंच्या दुबळेपणाचा त्रास असेल, तर असे आसन वापरण्यापूर्वी बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घेणे आवश्यक आहे.

हाय चेअर ही त्यानंतरची पायरी. उंच पाय, पुढे ट्रे आणि बांधण्यासाठी पट्टे अशी तिची सर्वसाधारण रचना असते. बाळाला सहा महिने पूर्ण झाल्यावर आईच्या दुधाबरोबर वरचे अन्न सुरू करावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. आपल्याकडील उष्टावणाचा संस्कारही बहुधा याच सुमारास होतो. मात्र उष्टावण झाले म्हणून बाळ खुर्चीत बसायला तयार झाले, असे समजू नये. मान पूर्ण सावरलेली असावी आणि थोड्याशा आधाराने पाठ ताठ ठेवून बसता यावे, या दोन गोष्टी जमल्यावरच हाय चेअरचा विचार करावा. तोपर्यंत मोठ्या माणसाची मांडी हेच योग्य आसन.

बाउन्सर हा पाळणा नव्हे

तान्ह्या बाळाचे डोके शरीराच्या मानाने मोठे आणि जड असते, तर मानेचे स्नायू दुबळे असतात. उतरत्या आसनात झोप लागली, की मान पुढे कलते आणि हनुवटी छातीला टेकते. बाळाची श्वासनलिका अरुंद व मऊ असल्याने अशा स्थितीत हवेचा मार्ग दबू शकतो. मोठा माणूस झोपेतही मान सरळ करतो, पण काही आठवड्यांच्या बाळाला ते जमेलच असे नाही. बाळ कुशीवर वळले, तर नाक-तोंड आसनाच्या कापडात दाबले जाण्याचीही भीती असते. या साऱ्यात आवाज होत नाही. शेजारच्या खोलीत असलेल्या आईला बाळ शांत झोपले आहे, असेच वाटते.

हा धोका पुस्तकी नाही. अमेरिकेत फिशर-प्राइस कंपनीने आपली ‘रॉक अँड प्ले’ ही उतरती झोपाळी एप्रिल २०१९ मध्ये बाजारातून परत बोलावली. तिची संख्या सुमारे ४७ लाख होती. जानेवारी २०२३ मध्ये कंपनीला पुन्हा तसे आवाहन करावे लागले. तोपर्यंत या उत्पादनात बाळ दगावल्याच्या सुमारे १०० घटनांची माहिती पुढे आली होती. दरम्यान, मे २०२२ मध्ये अमेरिकेत कायदा होऊन, झोपण्यासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या आणि १० अंशांहून अधिक उतार असलेल्या बाळाच्या उत्पादनांवर बंदी आली.

‘पीडिअॅट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यासही बोलका आहे. अमेरिकेतील २००४ ते २०१४ या काळातील बालकांच्या झोपेतील ११,७७९ मृत्यूंच्या नोंदी त्यात तपासल्या होत्या. त्यांपैकी ३४८ मृत्यू बसण्याच्या आसनांत झाले होते. यातील सुमारे ६३ टक्के मृत्यू मोटारीतील बालआसनात आणि ३५ टक्के बाउन्सर किंवा झोक्यात झाले होते. विशेष म्हणजे मोटारीतील आसनांत झालेल्या मृत्यूंपैकी दहा टक्क्यांहून कमी प्रसंगी ते आसन ठरवून दिलेल्या पद्धतीने वापरले जात होते. मोटारीतून जाताना बालआसन हवेच. ते घरात आणून त्यात बाळाला झोपू देणे मात्र चुकीचे आहे.

आपल्या बाजारात ‘रॉकर-कम-नॅपर’ किंवा ‘रॉकर-कम-स्लीपर’ अशा नावांनी आसने विकली जातात. नावात झोपेचा उल्लेख असला, तरी पाठ उतरती असलेल्या आसनात बाळाला झोपवू नये. दूध ओकणाऱ्या बाळाला उतारावर झोपवणे चांगले, असा समजही अनेक घरांत आढळतो. ‘अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिअॅट्रिक्स’च्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा बाळालाही सपाट, घट्ट पृष्ठभागावर पाठीवरच झोपवायला हवे. तेव्हा बाउन्सरमध्ये डुलकी लागली, की पट्टे सोडून बाळाला लगेच अंथरुणावर पाठीवर ठेवावे. त्यामुळे झोपमोड झाली आणि बाळ रडले, तरी हा नियम मोडू नये.

किती वेळ, कुठे?

बाळ जागे असतानाही बाउन्सरचा वेळ मर्यादित असावा. एका वेळी वीस मिनिटे ते अर्धा तास पुरेसा आहे. डोक्याचा मागचा भाग सतत एकाच जागी टेकून राहिल्यास तो चपटा होऊ शकतो. शिवाय मान, पाठ आणि खांदे बळकट होण्यासाठी बाळाला मोकळ्या जमिनीवर हालचाल करू देणे गरजेचे असते. एक वर्षाखालील बाळाला एका वेळी तासाभराहून अधिक बांधून ठेवू नये आणि जागेपणी दिवसभरात मिळून किमान अर्धा तास पोटावर खेळू द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सुचवले आहे. बाउन्सर, हाय चेअर, बाबागाडी अशी आसने बदलत राहिली, तरी बाळाच्या दृष्टीने ते बांधलेलेच असते, हे विसरता कामा नये.

बाउन्सरची जागा एकच, ती म्हणजे जमीन. स्वयंपाक करताना बाळ दिसावे म्हणून तो ओट्यावर किंवा जेवणाच्या टेबलावर ठेवण्याचा मोह होतो. पण बाळाच्या हालचालीबरोबर बाउन्सर स्वतःही थोडाथोडा सरकत असतो आणि गुळगुळीत ग्रॅनाइटवर तो कडेपर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही. पलंग, सोफा किंवा गादीही तितकीच अयोग्य. मऊ पृष्ठभागावर बाउन्सर कलंडून बाळ पालथे पडले, तर पट्ट्यांमुळे त्याला तोंड वळवता येत नाही. बाळ आत असताना बाउन्सर उचलून नेऊ नये. खेळण्यांचा दांडा हे उचलण्याचे हँडल नव्हे. तो निघून हातात येऊ शकतो.

पट्टे प्रत्येक वेळी लावावेत, अगदी दोन मिनिटांसाठी बसवले तरीही. बाळाला दुपट्यात गुंडाळून वरून पट्टा बांधू नये, कारण दुपट्यावरून तो घट्ट बसत नाही. डोक्यामागे उशी किंवा घडी घातलेली चादर ठेवल्यास मान आणखी पुढे झुकते. आपल्याकडे बाळाच्या गळ्यात काळा दोरा किंवा ताईत घालण्याची प्रथा आहे. हा दोरा खेळण्यांच्या दांड्यात किंवा बक्कलमध्ये अडकून गळ्याभोवती आवळला जाऊ शकतो. निदान बाळ अशा आसनात आणि झोपेत असताना गळ्यात काहीही नसावे.

हाय चेअर : ट्रे म्हणजे पट्टा नव्हे

हाय चेअरमधील अपघातांचे स्वरूप वेगळे असते. अमेरिकेत ओहायो राज्यातील नेशनवाइड चिल्ड्रन्स हॉस्पिटलच्या संशोधकांनी २००३ ते २०१० या काळातील नोंदींचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. हाय चेअरशी संबंधित दुखापतींसाठी तेथे दरवर्षी तीन वर्षांपर्यंतच्या सरासरी ९,४०० हून अधिक मुलांना तातडीच्या विभागात आणावे लागत होते. दहापैकी नऊहून अधिक घटना पडण्याच्या होत्या आणि मुख्यतः डोक्याला मार लागत होता. मूल पडण्यापूर्वी काय करत होते याची नोंद जेथे होती, त्यांपैकी दोनतृतीयांश घटनांत ते खुर्चीत उभे राहत होते किंवा चढत-उतरत होते. याचा अर्थ पट्टे लावलेले नव्हते, तुटलेले होते किंवा सैल होते.

ट्रे पुढे लावला की बाळ अडकून बसले, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ट्रे अन्न ठेवण्यासाठी असतो. बाळ त्याच्या खालून घसरू शकते किंवा पाय काढून उभे राहू शकते. घसरताना शरीर बाहेर आणि डोके ट्रेपाशी अडकून राहणे, ही तर अतिशय धोकादायक स्थिती असते. त्यासाठी दोन पायांमधून जाणारा पट्टा किंवा पक्का खुंट असलाच पाहिजे. कमर, दोन्ही खांदे आणि दोन पायांच्या मध्ये बांधणारा, दुकानात फाइव्ह पॉइंट बेल्ट म्हणून ओळखला जाणारा पट्टा सर्वांत चांगला. नुसता कमरेचा पट्टा पुरेसा नाही. पट्टा आणि बाळाचे अंग यांत एक-दोन बोटे जातील, इतकाच सैलपणा ठेवावा.

दुकानात काय तपासावे?

आसन ऑनलाइन मागवण्यापूर्वी शक्यतो एकदा दुकानात जाऊन हाताळून पाहावे. खुर्चीचे पाय खाली फाकलेले आणि बैठकीपेक्षा रुंद असावेत. बैठकीच्या उंचीवर हाताने बाजूला व मागे ढकलून पाहिल्यास खुर्ची डुगडुगता कामा नये. घडीच्या खुर्चीचे कुलूप बसताना स्पष्ट आवाज यावा आणि ते बाळाच्या हाताला सुटू नये. चाके असतील तर प्रत्येक चाकाला ब्रेक असावा. सांधे, बिजागऱ्या आणि ट्रेच्या खाचांत लहान बोट चिमटणार नाही ना, हे आपले बोट फिरवून पाहावे. सुटे होणारे लहान भाग, टोकदार कडा आणि निघणारे प्लॅस्टिकचे स्टिकर नसावेत.

पाय टेकवण्याच्या पट्टीकडे बहुतेक ग्राहक लक्ष देत नाहीत. पाय अधांतरी लोंबत असले, की बाळ पुढे घसरते आणि चुळबुळ करते. पाय टेकलेले असले तर ते स्थिर बसते आणि घासाकडे लक्ष देते. नॉर्वेचे पीटर ओप्सविक यांनी १९७२ मध्ये तयार केलेली ‘ट्रिप ट्रॅप’ ही खुर्ची बैठक व पायपट्टी मुलाच्या वाढीनुसार वर-खाली करता येते म्हणूनच नावाजली गेली. पट्टी नसलेली खुर्ची घरात असेल, तर घट्ट बसणारी पायपट्टी स्वतंत्रपणे लावता येते का, ते पाहावे. पायाखाली डबे किंवा पुस्तकांचा ढीग रचू नये.

हाय चेअर हे मुळात टेबलाशी बसून जेवणाऱ्या घरांसाठीचे साधन आहे. घरातील मंडळी खाली बसून जेवत असतील, तर उंच खुर्चीचा हट्ट धरण्याचे कारण नाही. जमिनीलगतची, पट्टा असलेली बुटकी खुर्ची जागा कमी घेते आणि तिच्यातून पडलेच तर उंचीही कमी असते. टेबलाच्या कडेला अडकवायच्या खुर्च्याही मिळतात. त्या काचेच्या, एका खांबावरच्या किंवा हलक्या घडीच्या टेबलाला लावू नयेत.

वेष्टनावरील मानकांचा उल्लेखही वाचावा. युरोपीय मानकांत हाय चेअरसाठी ईएन १४९८८ आणि बाउन्सरसाठी ईएन १२७९० हे क्रमांक आहेत. अमेरिकी मानकांत ते अनुक्रमे एएसटीएम एफ ४०४ आणि एफ २१६७ असे आहेत. भारतात खेळण्यांसाठी आयएसआय चिन्ह १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचे झाले आहे. पण खेळण्याचे मानक आणि बाळाचे वजन पेलणाऱ्या आसनाचे मानक या वेगळ्या गोष्टी आहेत. लटकवलेल्या खेळण्यावर चिन्ह आहे म्हणून आसनही तपासलेले आहे, असे समजू नये. उत्पादकाचे नाव, पत्ता, मॉडेल क्रमांक आणि वयाची व वजनाची मर्यादा नसलेली वस्तू घेऊच नये.

अशा दुकानांत शेजारीच चाकांचा वॉकर ठेवलेला असतो. आपला जुना लाकडी पांगुळगाडा बाळ मागे उभे राहून ढकलत असे. वॉकरमध्ये ते आत बसते आणि क्षणार्धात जिन्यापाशी किंवा गरम भांड्यापाशी पोहोचते. याच कारणास्तव कॅनडाने २००४ मध्ये वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली. बाउन्सर व हाय चेअरच्या जोडीला तो घेण्याची गरज नाही.

खुर्चीची जागा आणि जेवणाची वेळ

हाय चेअर टेबलाला किंवा भिंतीला खेटून ठेवल्यास बाळ पायाने रेटा देऊन खुर्चीसकट मागे कोसळू शकते. एक तर पाय पोहोचणार नाहीत इतके अंतर ठेवावे. गॅसची शेगडी, मिक्सरची लोंबती वायर, खिडकी, गॅलरीचा कठडा आणि पडद्याच्या दोऱ्या हाताच्या टप्प्यात नसाव्यात. टेबलावर टेबलक्लॉथ नसलेलाच बरा. तो ओढल्यावर गरम वरणाचे किंवा चहाचे भांडे बाळाच्या अंगावर येते. मोठ्या भावंडाला खुर्चीवर चढू किंवा लोंबकळू देऊ नये.

बाळ जेवत असताना मोठे माणूस समोर बसलेले असावे. फुटाणे, शेंगदाणे, अख्खी द्राक्षे, कच्च्या गाजराचे तुकडे असे पदार्थ घशात अडकू शकतात, ते देऊ नयेत. मागे रेललेल्या स्थितीत भरवू नये. घास अडकल्यास मूल जोरात खोकत असेल तर त्याला खोकू द्यावे. खोकला, रडणे किंवा श्वास थांबला तर पट्टा सोडून ताबडतोब बाहेर काढावे. एक वर्षाखालील बाळाला हातावर पालथे, डोके खाली राहील असे धरून दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या मुळाने पाच थापा द्याव्यात. त्याने घास निघाला नाही तर उताणे करून छातीच्या मधोमध पाच वेळा दाब द्यावा. घास निघेपर्यंत हे आलटून-पालटून करावे. दिसत नसलेला घास बोट घालून काढू नये. दुसऱ्या व्यक्तीने त्याच वेळी १०८ किंवा ११२ वर फोन करावा. बाळ बेशुद्ध झाल्यास वेगळे उपचार लागतात. म्हणून आई-बाबांनी, आजी-आजोबांनी आणि बाळाला सांभाळणाऱ्या बाईंनीही हे प्रथमोपचार प्रत्यक्ष शिकून घ्यावेत. खुर्चीचे बक्कल एका हाताने झटकन कसे सुटते, याचा सरावही घरातील प्रत्येकाने करावा.

जुने आसन वापरताना

ही आसने काही महिनेच लागतात. त्यामुळे ती नात्यात, सोसायटीत फिरत राहतात आणि त्यात गैर काही नाही. पण घेण्यापूर्वी मॉडेल क्रमांक पाहून कंपनीने ते परत मागवले होते का, याचा इंटरनेटवर शोध घ्यावा. अमेरिकेत २०१० मध्ये ग्रॅको कंपनीने सुमारे १२ लाख ‘हार्मनी’ हाय चेअर परत बोलावल्या, त्या पायांचे स्क्रू सैल होऊन खुर्ची कलंडत असल्यामुळे. आयकियाने २०१२ मध्ये ‘अँटिलोप’ खुर्चीचे जुने पट्टे बदलून दिले, ते बक्कल अचानक उघडत असल्यामुळे. स्क्रू आणि बक्कल या दोन गोष्टी दर आठवड्याला तपासण्याची सवय का हवी, ते यावरून कळावे.

पट्टा उसवलेला, बक्कल न लागणारे, चौकट वाकलेली किंवा पोचलेली असेल, तर ते आसन घेऊ नये. दोरी किंवा ओढणी बांधून काम भागवू नये. बक्कलमध्ये वरण-भाताची शिते वाळून बसली, की ते पूर्ण लागत नाही. म्हणून जेवणानंतर ते ओल्या कापडाने पुसावे.

नवी वस्तू सदोष निघाली तर पावती, वेष्टन आणि छायाचित्रे जपून ठेवावीत व विक्रेत्याकडे लेखी तक्रार करावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावरही दाद मागता येते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार स्थापन झालेल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला धोकादायक वस्तू बाजारातून परत घेण्याचा आदेश देण्याचा अधिकार आहे. आपली तक्रार दुसऱ्या एखाद्या बाळाचा अपघात टाळू शकते.

हे लक्षात ठेवा

- बाउन्सर फक्त जागेपणी, जमिनीवर आणि नजरेसमोर.
- झोप लागताच बाळाला सपाट अंथरुणावर पाठीवर ठेवा.
- बाळ उठून बसू पाहू लागले, की बाउन्सर बंद.
- हाय चेअर बाळ मान सावरून बसू लागल्यावरच.
- प्रत्येक वेळी सर्व पट्टे लावा. ट्रेवर विसंबू नका.
- बाळ आसनात असताना दाराची बेल किंवा फोन वाजला, तर बाळाला उचलून बरोबर घ्या.
- स्क्रू, बक्कल व ब्रेक दर आठवड्याला तपासा.
- हे नियम बाळाला सांभाळणाऱ्या प्रत्येकाला सांगा.